साधन सापडत नाही

बंगळुरात कुठलंही सॉफ्टवेअर रुसलं, तरी ते लिहिणारा इसम याच शहरात, फार तर दोन सिग्नल पलीकडे, इडली-वडा खात बसलेला असतो. त्याचा उपयोग मात्र शून्य. संसार बिघडला की लग्न जमवणारा मध्यस्थ जसा नेमका गावाला गेलेला असतो, तसंच.

माझा संसार छोटा आहे. पेटी, तिच्यासमोर मायक्रोफोन, मायक्रोफोनची वायर ऑडिओ इंटरफेस नावाच्या लाल डब्यात आणि डब्याची वायर लॅपटॉपमध्ये. एवढ्यावर जे. पी. नगरात बसून मी पुण्यातल्या भाचीच्या गाण्याला साथ भरून पाठवतो. एका रात्री लॅपटॉपने परस्पर नवी सिस्टीम चढवून घेतली. सकाळी पडद्यावर डोंगर आला, सरोवर आलं आणि लाल डबा गेला. म्हणजे जागेवर होता, हिरवा दिवाही लागलेला होता. लॅपटॉपची वीज खात होता, पण हाक मारली तर ओ देत नव्हता. पडद्यावर एकच ओळ: साधन सापडत नाही.

पेटीवाल्यांना बंदीची सवय आहे. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला 1971 साल उजाडलं. पण निदान कारण तरी दिलं होतं, की पेटीतून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. इथे कारणही नाही. फक्त एक ‘ओके’चं बटण, ज्यात ओके असं काहीच नव्हतं.

आमच्या सोसायटीत दगड भिरकावला तर तो इंजिनिअरलाच लागेल. पहिला म्हणाला, “काका, मी क्लाउडमध्ये असतो, हे जमिनीवरचं काम.” दुसरीने लॉग मागितला, वाचला आणि “इंटरेस्टिंग” म्हणून परत केला. डॉक्टर आणि इंजिनिअर यांनी हा शब्द काढला, की पेशंटने समजून घ्यावं. तिसरा प्रॉडक्ट मॅनेजर निघाला. त्याने माझ्या भावना टिपून घेतल्या.

शेवटी चौथ्या मजल्यावरचा मुलगा सापडला. तो एका बड्या कंपनीत ड्रायव्हरच लिहितो आणि तिथून जगभरच्या यंत्रांना अपडेट जातात. त्याने शांतपणे सांगितलं, “काका, डब्याला काही झालेलं नाही. डबा आणि सिस्टीम यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो सिस्टीमच्या अगदी गाभाऱ्यात बसायचा. आता सुरक्षेसाठी गाभाऱ्याचे नियम बदललेत. कंपनीने नवा दुभाषा लिहायला हवा, पण हे मॉडेल विकणं बंद झालंय. मग लिहील कोण?” वर दिलासा दिला, की 2019 साली मॅकओएस कॅटालिना आली तेव्हा 32 बिटांची सगळी सॉफ्टवेअरं एका फटक्यात बाद झाली होती, त्यापुढे माझं दुःख किरकोळ आहे. लोकांची दुःखं मोठी होती हे ऐकून मला बरं वाटलं, पण डब्याला वाटलं नाही.

मग त्याने कुठलासा सामायिक ड्रायव्हर बसवला. डबा दिसू लागला! मी जोरात भाता मारला, ‘सा’ धरला. रेकॉर्डिंगची रेघ मात्र सरळ. नव्या सिस्टीमने माझ्या खासगीपणाची काळजी घेत माझाच मायक्रोफोन माझ्यापासून लपवून ठेवला होता. सेटिंगच्या तिसऱ्या तळघरात जाऊन परवानगी दिली आणि सूर आला. पण उशिरा आला.

त्या उशिराचंही गणित आहे. संगणक सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेतो आणि 1,024 साठले की एकगठ्ठा पुढे ढकलतो. त्यात आत येताना 23 मिलिसेकंद जातात, बाहेर पडताना तेवढेच. दोन्ही मिळून जो वेळ जातो, त्यात हवेतून आवाज 16 मीटर जातो. म्हणजे पट्टी दाबतोय मी आणि सूर येतोय समोरच्या विंगेतल्या बाल्कनीतून! विलंबितात एक वेळ खपून जाईल, द्रुतात भाची समेवर आणि मी अजून सोळाव्या मात्रेवर. नमुने 64 वर आणले तर उशीर गेला, पण सगळा यमन तडतडू लागला.

खरं तर जुनं टिकतंही. 1983 साली दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापले सिंथेसायझर मिडी नावाच्या सामायिक भाषेच्या वायरीने एकमेकांना जोडून दाखवले, ती मिडी आजही चालते. याच बंगळुरात 1979 साली जी. राज नारायण या बासरी वाजवणाऱ्या इंजिनिअरने राडेल कंपनी काढली, तिचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा माझ्या कपाटावर आहे. बटण फिरवलं की सुरू. रात्रीत त्याला कुणी सुधारत नाही, म्हणून तो सुधारलेला राहिलाय.

शेवटी संगणकांचा बाजार, म्हणजे एस. पी. रोड गाठला. दुकानदाराने एक जाडजूड जुना लॅपटॉप पुढे सरकवला. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात कालवून म्हणाला, “सार, म्युझिकवाले हाच नेतात. ओल्ड सिस्टीम. नेटला मात्र लावायचं नाही.” घरी आणून डबा जोडला. काहीही न विचारता चालू! भाचीला साथ गेली.

परवा रात्री बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरचा मुलगा, काखेत गिटार.

“काका, तो जुना लॅपटॉप रविवारपर्यंत मिळेल? माझं इंटरफेस बंद पडलंय.”

“का रे?”

“ऑफिसच्या नियमाने नवी सिस्टीम घ्यावी लागली.”

मी लॅपटॉप दिला, पण बजावून. नेट लावायचं नाही, आणि पडद्यावर चुकून काही विचारलंच तर ‘नंतर आठवण करून द्या’ एवढंच दाबायचं.

“ते काय सांगता काका,” जगभर अपडेट धाडणारा तो मुलगा म्हणाला, “घरच्या लॅपटॉपवर मी दोन वर्षं तेच दाबत आलो होतो.”