स्थळ हंगामी आहे

मामाजी : नोकरी कायम आहे का?

मुलगा : नोकरी हंगामी आहे. तण कायम आहे.

मामाजी : काय कायम आहे?

मुलगा : तण. रानतुळस, गाजरगवत, रायमुनिया. ताडोब्याकडे ते काढायच्या कामावर आहे मी. पावसाळा लागला की मस्टरवर नाव चढतं, दिवाळीच्या आगेमागे उतरतं.

मामाजी : बायोडाट्यात तर ‘वन्यजीव अधिवास व्यवस्थापन’ लिहिलंय.

मुलगा : तेच ते. एम. एस्सी. होऊन उपटलं की त्याला तसं म्हणतात.

मामाजी : आणि दिवाळीला नाव का उतरतं?

मुलगा : रानतुळशीचं बी झडायच्या आत ती उपटावी लागते. बी धरल्यावर उपटायला गेलात तर ती पेरणीच होते. झाड हललं की बी खाली, आणि मग तिथून ते वर्षानुवर्षं उगवतं.

मामाजी : म्हणजे तुळशीच्या लग्नापर्यंत तुमचं काम संपलं.

मुलगा : संपलं.

मामाजी : आणि तुळशीचं लग्न लागलं की आमचे मुहूर्त सुरू. म्हणजे बोहल्यावर चढेल तेव्हा मुलगा बेकार.

मुलगा : मोकळा म्हणा. रजा मागायला नको.

मामाजी : बरं, व्यवहाराचं विचारतो, राग मानू नका. समजा तुम्ही सगळी रानतुळस उपटली. काडी म्हणून ठेवली नाही. पुढं?

मुलगा : पुढं गवत येईल. मारवेल, पवन्या, कुसळी. रानतुळशीच्या उग्र वासानं जनावर तिला तोंड लावत नाही, आणि ती गवताला वर येऊ देत नाही. ती गेली की गवत, गवत आलं की चितळ येतील, गवे येतील, त्यांच्यामागं वाघ येईल.

मामाजी : वाघामागं जिप्सी येतील, जिप्सीत पर्यटक येतील. सगळे येतील हो. तुम्ही कुठं जाल?

मुलगा : घरी.

मामाजी : मग थोडी ठेवा ना!

मुलगा : काय?

मामाजी : रानतुळस. एखादा कोपरा. शेतकरीसुद्धा बियाण्यापुरतं राखून ठेवतो.

मुलगा : मामाजी, ती ठेवावी लागत नाही. ती राहतेच. एका वर्षी काढली तर दुसऱ्या वर्षी जमिनीतलं जुनं बी उगवतं, तिसऱ्या वर्षी शेजारून येतं. सलग तीन-चार वर्षं मागं लागावं लागतं.

मामाजी : (खुर्ची पुढं ओढत) तीन-चार वर्षं? म्हणजे तेवढी नोकरी पक्की?

मुलगा : तण तीन-चार वर्षांचं असतं, निधी मार्चपर्यंतचा.

मामाजी : आणि वाघ? तुम्ही खाली वाकून गवत उपटताय आणि मागून वाघ आला तर?

मुलगा : घोळक्यानं असतो आम्ही, बोलत-ओरडत काम करतो, वनरक्षक सोबत असतो. वाघ बघतो आणि जातो. त्याला नंबर आहे, कॅमेरा ट्रॅपमध्ये त्याची हजेरी लागते. तो कायम आहे ना.

मामाजी : तुमची हजेरी?

मुलगा : ठेकेदाराच्या वहीत. पेन्सिलीनं.

(इथं आतून पोहे आले. मुलीकडच्या पोह्यांवर शेंगदाणे किती आहेत त्यावरून स्थळ किती पसंत आहे ते कळतं, असा या भागातला माझा अनुभव आहे. शेंगदाणे मोजकेच होते.)

मामाजी : आणि ते रायमुनिया म्हणजे ती रंगीबेरंगी फुलांची टणटणीच ना? आमच्या कुंपणाला आहे.

मुलगा : येताना पाहिली.

मामाजी : आपोआप आली. पाणी नको, खत नको. दरवर्षी कापतो, दरवर्षी दुप्पट दाट होते.

मुलगा : कापता म्हणूनच होते. वरून कापली की बुडातून धुमारे फुटतात. जमिनीखाली दोन बोटं सोटमूळ तोडायचं, आणि उपटलेलं झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडं करून. जमिनीला टेकलं की पुन्हा रुजतं. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी बसवलेली पद्धत आहे. अमेरिकेतनं शोभेसाठी आणलेलं झाड, दोनशे वर्षांची सेवा झाली त्याची इथं. बुलबुल फळं खातात आणि गावभर बी टाकतात.

मामाजी : मग सगळेच मुळाशी का तोडत नाहीत?

मुलगा : वेळ लागतो. ठेकेदाराला पैसे हेक्टरी मिळतात. वरून सपासप कापलं तरी हेक्टर भरतंच. फोटोत जमीन मोकळी दिसते, बिल निघतं. पुढच्या पावसाळ्यात रान पुन्हा उभं, की पुन्हा हेक्टर.

मामाजी : (चमचा थांबवून) म्हणजे त्यानं थोडी ठेवली.

मुलगा : तुमचंच धोरण.

मामाजी : माणूस विचारी दिसतो. लग्न झालंय का त्याचं?

मुलगा : झालंय. दोन मुलं आहेत, एक ट्रॅक्टर आहे.

मामाजी : (उसासा टाकून) सरकारनं या कामाला कायम माणसं नेमायला हवीत.

मुलगा : भुंगे नेमले होते. गाजरगवत खायला मेक्सिकोचे भुंगे आणले, 1984 साली बंगळूरला सोडले. पावसाळ्यात पानं खातात, पाऊस गेला की मातीत शिरून झोपतात.

मामाजी : म्हणजे तेही हंगामी!

मुलगा : तेही. आणि गाजरगवत 1955 च्या सुमाराला पुण्यात दिसलं ते अजून निवृत्त झालेलं नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या नावानं जागृती सप्ताह असतो. सात दिवस आपले, बाकीचे त्याचे.

मामाजी : आमच्या वेळी असं नव्हतं. मी सामाजिक वनीकरणात होतो. अख्खी हयात झाडं लावली. माळच्या माळ हिरवे केले.

मुलगा : कशानं?

मामाजी : सुबाभूळ.

मुलगा : ...

मामाजी : काय झालं?

मुलगा : काही नाही. मध्यंतरी एका टेकडीवर तीच काढत होतो.

मामाजी : तेव्हा सुबाभूळ म्हणजे कल्पवृक्ष होता! चारा तोच, सरपण तेच, कागदही त्याचाच. वरून आदेश होता.

मुलगा : आदेशाबद्दल नाही म्हणत मी. हिशेबाबद्दल म्हणतोय. लावणारा कायम होता, उपटणारा रोजंदारीवर आहे. लावणाऱ्याला पेन्शन आहे, उपटणाऱ्याला हातमोजेसुद्धा स्वतःचे आणावे लागतात.

मामाजी : माझ्या पेन्शनीवर येऊ नकोस.

मुलगा : येत नाही. पण 2019 साली 33 कोटी झाडं लावायचं ठरलं, तेव्हा लावायला मंत्री होते, मंडप होते. काय लावलं, कुठं लावलं, तिथं आधी गवताचा माळ होता का, हे कोण विचारतं? खड्डा खणला की पुण्य. उपटताना कुणी फोटोला उभं राहिलेलं बघितलंय तुम्ही?

मामाजी : झाड लावण्यात काही वाईट आहे असं म्हणायचंय तुला?

मुलगा : माळावर लावण्यात आहे.

मामाजी : हे बघ, उपटणाऱ्याला जग काय म्हणतं ते मी बायकामाणसांत बोलू शकत नाही.

मुलगा : नका बोलू. माझे वडील रोज बोलतात.

(पोह्यांची बशी परत गेली. चहा आला. बराच वेळ फक्त चहाचा आवाज.)

मुलगा : मुलगी काय करते?

मामाजी : प्राध्यापक आहे. एम. ए., सेट.

मुलगा : कायम?

मामाजी : ...तासिका तत्त्वावर.

मुलगा : म्हणजे तास झाला की पैसे.

मामाजी : बिल निघालं की पैसे.

मुलगा : आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत?

मामाजी : सुट्टीत तास कुठून असणार?

मुलगा : मे महिन्यात मलाही काम नसतं.

मामाजी : छान. दोघं मिळून मे महिन्यात काय खाणार?

मुलगा : रानतुळशीचं बी पाण्यात टाकलं की सब्जासारखं फुगतं. मेक्सिकोकडं त्याचं सरबत करून पितात.

मामाजी : खाता येतं ते?

मुलगा : येतं.

मामाजी : आणि हे तू आत्ता सांगतोस?