बापूंचा शांततापूर्ण कब्जा

गावठाणातल्या प्रत्येक आळीत एक तरी बखळ असते आणि प्रत्येक बखळीला एक बापू असतो. आमच्या आळीतली बखळ डोंबिवलीच्या काकूंची. त्यांचे सासरे गिरणीत लागले, मागोमाग घरदार मुंबईला गेलं. पुढे दोन-चार पावसाळ्यांत माळवद बसलं, भिंती खचल्या आणि उरला पांढऱ्या मातीचा ढिगारा. त्याला लागून बापूंचं घर. बापू सरकारी खात्यात कारकून होते. निवृत्त झाले ते पगारापुरतेच.

बापूंनी बखळ एका दिवसात घेतली नाही. तसं करणं त्यांना रानटीपणाचं वाटतं. आधी गोवऱ्यांचा हुडवा रचला. गोवऱ्यांना कोण अतिक्रमण म्हणणार? मग तिथं शेवगा उगवला, बापूंच्या मते आपोआप, फक्त रांगेत. शेवग्याला आळं आलं, आळ्याला पाणी, पाण्याला पाइप, पाइपाला न्हाणी आणि न्हाणीवर पत्रा. खालच्या आळीतल्या एकानं अशाच जागेत शेंदूर फासून म्हसोबा बसवला होता. बापू त्याची कीव करतात. "देव बसवला की जागा गावाची होते. आता त्याच्याच अंगणात जत्रा, आणि वर्गणीही त्याच्याचकडून!"

बापूंसारख्यांचं फावतं ते गावठाणामुळे. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. जिथं नगर भूमापन झालेलं नाही, तिथं घरमालकाच्या हाती असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो मुळात कर आकारणीचा कागद. घरपट्टी कुणाच्या नावानं लागते ते सांगतो, जागा कुणाची ते सिद्ध करत नाही. बापूंनी न्हाणी नमुना 8ला चढवून घेतली आणि घरपट्टी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरायला सुरुवात केली. अख्ख्या पंचायतीत आगाऊ कर भरणारा हा एकच माणूस. पावत्या लॅमिनेट केलेल्या. वसुलीचा शिपाई त्यांना वाकून नमस्कार करतो.

मग तालुक्याच्या वकिलांनी त्यांना 1963चा मुदत कायदा समजावून सांगितला. दुसऱ्याच्या जागेत बारा वर्षं उघडपणे, अखंड आणि त्याच्या हक्काविरुद्ध मालकासारखं राहिलात, आणि त्यानं दावा केला नाही, तर त्याचा हक्क संपतो. पूर्वी हे फक्त बचावात म्हणता येतं अशीही समजूत होती; 2019 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कब्जेदार स्वतःहूनही दावा लावू शकतो. त्याआधी, 2008 साली, याच कोर्टानं हा कायदा खऱ्या मालकावर अन्याय करणारा आहे असं म्हणून सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. ते वाचून बापूंना काही दिवस अन्न गोड लागेना. 2023मध्ये विधी आयोगानं कायदा बदलायचं कारण नाही असा अहवाल दिला, तेव्हा बापूंनी आळीत पेढे वाटले. नात पास झाली असेल असं समजून आम्ही खाल्ले.

पण वकिलांनी एक पाचर मारून ठेवली होती. जागा बेवारस निघाली तर ती सरकारची, आणि सरकारविरुद्ध मुदत बाराची नव्हे, तीस वर्षांची. झालं! इतर लोक मालकाचा वंश बुडायची वाट बघतात. बापू काकूंच्या तब्येतीला जपू लागले. त्यांना दम्याचा त्रास आहे कळल्यावर स्वतः अडुळसा घेऊन डोंबिवलीला गेले. "काकू, शंभर वर्षं जगा," असं इतक्या कळवळ्यानं पोटचा मुलगासुद्धा म्हणाला नसेल.

आणि तिथंच घात झाला. निघताना काकू म्हणाल्या, "अरे बापू, ती बखळ पडूनच आहे. लागेल तशी वापर हो."

बापू पांढरेफटक पडले. कारण मालकाच्या परवानगीनं वापरलेली जागा शंभर वर्षं वापरली तरी वापरणाऱ्याची होत नाही. एवढ्या वर्षांचा कब्जा, रांगेतला शेवगा, लॅमिनेट केलेल्या पावत्या, सगळं एका म्हातारीच्या मायेपायी पाण्यात! "मी ऐकलंच नाही," असं त्यांनी गाडीतल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितलं. त्यानंतर काकूंचा फोन आला की बापू तो बायकोकडे देत. दिवाळीला काकूंनी फराळाचा डबा पाठवला, तर आत एखादी चिठ्ठी तर नाही ना म्हणून त्यांनी चिवडा परातीत ओतून पाहिला.

पुढे स्वामित्व योजनेची मोजणी आमच्या गावात आली. केंद्रानं ही योजना 2020 साली सुरू केली. ड्रोननं गावठाणाचे फोटो घेऊन मिळकत पत्रिका द्यायच्या. त्याआधी प्रत्येकानं आपापली हद्द चुन्यानं आखायची. बापूंनी पहाटेच उठून चुना टाकला, तो हुडवा, शेवगा, न्हाणी आणि बखळ पोटात घेऊन थेट बोळाच्या तोंडापर्यंत. काकूही नातवाला घेऊन आल्या होत्या. भूकरमापकानं सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील या सगळ्यांदेखत विचारलं, "आजी, काही हरकत?"

"हरकत कसली? मीच सांगितलंय त्याला वापरायला. घरचाच आहे."

"कुणी सांगितलं?" बापू कडाडले. "मला कुणी परवानगी दिलेली नाही! मी घुसलोय! सगळ्यांसमोर, उघड घुसलोय!"

पोलीस पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. अतिक्रमण नाकारणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. कबुलीसाठी इतका आटापिटा करणारा हा पहिलाच. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरे, एवढं मनाला लावून घेतोस? तुला पाहिजे तर बक्षीसपत्र करून देते. मुद्रांकाचा खर्चही माझा नातू करील."

सगळी आळी बापूंकडे बघू लागली. अर्धा-पाऊण गुंठा जागा, फुकट, वर खर्चही दुसऱ्याचा.

"फुकटचं आम्हाला नको," बापू म्हणाले. "आमच्या हक्काचं आहे."

भूकरमापकानं कागदावर 'वादग्रस्त' असं काहीतरी लिहिलं. ते वाचून बापूंना जरा धीर आला. संध्याकाळी ते माझ्याकडे आले, दार लावून घेतलं आणि कोरा कागद पुढे केला. मजकूर काकूंच्या वतीनं त्यांना स्वतःलाच, जागा ताबडतोब खाली करण्याबद्दल.

"सही मी डोंबिवलीला जाऊन आणतो," बापू म्हणाले. "तू भाषा जरा कडक ठेव. 'चिरंजीव' नको घालूस. आणि शेवटी 'अन्यथा' पाहिजे."