गाव कोणतं?

नाटक कुठलंही असो, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘गाव कोणतं?’ जळगावच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं शेक्सपिअर शिकवला, पण पोरांच्या लक्षात राहिला तो नकाशा. फळ्यावर बुटासारखी इटली काढायचे आणि शेजारी खान्देश. प्रमाण कळावं म्हणून.

‘द टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’तला व्हॅलेंटाइन व्हेरोनाहून मिलानला जहाजाने निघतो, हे सरांना अंगाला लावून घेतल्यासारखं झोंबायचं. ‘म्हणजे जळगावहून धुळ्याला गलबताने! बांभोरीला गिरणेत बसायचं, पांझरेत उतरायचं. मधे एरंडोल-पारोळ्याला काय, गलबत डोक्यावर घ्यायचं?’ तिकडे तेव्हा कालवे होते म्हणतात, असं एकाने सुचवून पाहिलं. ‘कालवे आपल्याकडेही आहेत. आवर्तन कधी सुटतं, विचारून ये.’

‘द विंटर्स टेल’मध्ये बोहेमियाला समुद्रकिनारा येतो, तिथे मात्र सर खुलायचे. ही चूक 1619 च्या सुमारास खुद्द बेन जॉन्सनने काढली होती. म्हणजे सर एकटे नव्हते. धुळ्याकडच्या एका पोराने मागच्या बाकावरून विचारलं, ‘सर, तठे समुद्र शे का?’ त्याला त्या चाचणीत दहापैकी नऊ मिळाले. मार्लोने ‘टँबरलेन’ लिहिताना ऑर्टेलियसचा 1570 चा नकाशासंग्रह समोर ठेवला होता, म्हणून मार्लोबद्दल सर जावयासारखं बोलत. आगरकरांचंही कौतुक. हॅम्लेटला डेन्मार्क तुरुंग वाटतो, आणि आगरकर त्याला मराठीत आणत होते डोंगरीच्या तुरुंगात. ‘जागा बघायला लांब जावं लागलं नाही!’

परवा धुळ्याला एकांकिका स्पर्धेचे परीक्षक म्हणून गेले. एसटीत मी सोबत. पहिली एकांकिका संपली: दोन लेव्हल, एक खुर्ची, बाकी काळोख. सरांनी दिग्दर्शकाला बोलावलं.

‘गाव कोणतं?’

‘कुठलंही, सर. वैश्विक आहे.’

सरांनी चष्मा काढला. ग्लोब थिएटरातही रंगवलेले पडदे नव्हते, गाव नटाच्या तोंडून उभं राहायचं. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली व्हायोला जहाज फुटून किनाऱ्याला लागते, भाऊ बुडाला की वाचला ठाऊक नाही, तरी बाई आधी विचारते, हा देश कोणता. ‘आणि तुझ्या नायकाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?’

पोरगं गडबडलं. ‘सर, मग… जळगाव समजा.’

‘महिना?’

‘मे.’

‘मे,’ सर म्हणाले. ‘आणि अंगात कोट?’