आधी लोगो, मग कापड

कपड्यांचा छोटा ब्रँड काढायला हल्ली काय लागतं? एक संस्कृत नाव, एक लोगो आणि इन्स्टाग्रामवर मातकट रंगाचे फोटो. कापड काय, नंतर बघता येतं. मग एक दिवस संस्थापक मंगलदास मार्केटात शिरतात आणि म्हणतात, "एथिकल लिनन दाखवा."

गादीवरचे शेठ मान वर न करता विचारतात, "पन्हा कितीचा? ४४ इंची की ५८?" संस्थापक फोनमध्ये बघू लागतात.

पुढचा प्रश्न, किती ताके? यांना हवं चाळीस मीटर, तेही स्वतःच्या खास रंगात. प्रोसेस हाऊसवाला एवढ्यासाठी भांडंसुद्धा विसळत नाही. मग निर्यातीतून उरलेला लॉटचा माल उचलायचा. वेबसाइटवर पोचेपर्यंत त्याचं 'लिमिटेड एडिशन' होतं. तोच कुर्ता कुणी पुन्हा मागितला तर 'आम्ही पुनरावृत्ती टाळतो', कारण दुसऱ्या लॉटची शेड जन्मात जुळायची नाही.

हातमागाची तर गंमतच. काही वाण १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी राखीव आहेत. यंत्रमागाच्या कानावर ते अजून गेलेलं दिसत नाही.

शेठकडे मात्र काडेपेटी असते. संस्थापकांनी 'शुद्ध सुती' म्हणून आणलेल्या नमुन्याचे दोन धागे ते ओढून पेटवतात. सुताची भुरभुरीत राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. इथे मणी झाला.

"लेबलावर काय छापायचं ते तुमचं तुम्ही बघा," शेठ म्हणतात. "माझ्या बिलात पॉलिकॉटनच येणार."