सगळं धरून

पेव्हर ब्लॉकवाला भाऊ वर्षातले दहा महिने कुणाच्या नजरेला पडत नाही. मग वळवाचा एखादा पाऊस होतो, बंगल्याच्या अंगणात मोटारीचं चाक रुततं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ फाटकाशी हजर असतो. बोलावलेलं असो वा नसो. 'मागच्या गल्लीत काम चालू आहे, म्हटलं सरांना भेटून जावं,' असं सांगतो. मागच्या गल्लीत कसलंही काम चालू नसतं.

सांगली-मिरजेकडं हा माणूस जोमानं वाढतो, कारण आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर बसवलेलं काहीही खालून हलवून सोडते. त्यामुळे एकदा केलेलं काम चार-दोन वर्षांनी पुन्हा निघतं. या मातीचा खरा बागायतदार भाऊच. ऊसवाल्यांचं उगाच नाव.

आमच्या शेजारचे सर गणिताचे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या फाटकापासून पोर्चपर्यंतचं अंगण भाऊनं पावलं टाकून मोजलं. टेप होता, पण तो गाडीच्या डिकीत.

"वीस बाय पंधरा. तीनशे फूट झालं बघा."

"अठरा बाय चौदा," सर म्हणाले. "दोनशे बावन्न."

"वेस्टेज धरायला लागतंय की सर!"

मग भाव. भाऊचा भाव एकच असतो आणि तो 'सगळं धरून' असतो. ऐकायला फार बरं वाटतं. पण विचारत गेलं की त्या सगळ्यातून एकेक गोष्ट निसटायला लागते. माती उकरून टाकणं? ते वेगळं. मुरूम? एक ब्रास धरलाय, वर लागला तर बघू. ट्रकमधून ब्लॉक उतरवायची हमाली? ती पार्टीकडं. कडेची काँक्रीटची पट्टी? "तिची गरजच नाही सर, ब्लॉक एकमेकांना धरून बसतात." हे सपशेल खोटं. कडेला आधार नसला की बाहेरची रांग सरकते, तिच्यामागून दुसरी सरकते, आणि पट्टीपायी वाचवलेले पैसे गवताच्या रूपानं फटीफटीतून उगवतात. जीएसटीचा विषय निघाला की भाऊ आवाज खाली आणतो आणि अगदी घरातल्यासारखा विचारतो, "बिल पाहिजेच आहे का?"

मालाच्या बाबतीत मात्र तो दिलदार. "एम-फिफ्टी देतो, वरनं ट्रक गेला तरी हलायचं नाही." सरांच्या अंगणात ट्रक कशाला येईल, हा प्रश्न त्याला पडत नाही. भारतीय मानक ब्युरोनं २००६ साली या ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक काढलं. मोटारी उभ्या करायच्या जागेसारख्या हलक्या रहदारीला त्यात ६० मिलिमीटर जाडी आणि एम-३५ ग्रेड सांगितली होती. तेवढा ब्लॉक खरोखर तेवढा निघाला तरी पुष्कळ. सरांनी कारखान्याचा चाचणी अहवाल मागितला, तेव्हा भाऊनं दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले. "आवाज ऐका की! रिपोर्ट काय सांगणार याच्यापेक्षा?"

त्याचं खरं भांडवल म्हणजे मोबाइलमधले फोटो. लाल-पिवळी, करडी, झिगझॅग, डंबेल, नाना तऱ्हेची अंगणं, सगळी नुकतीच पाणी मारलेली, आरशासारखी चकचकीत. काकू हरखल्या. सरांनी एवढंच विचारलं, "दोन पावसाळे झालेलं एखादं काम दाखवता का? जिथं रोज गाडी उभी राहते असं?" भाऊचा दुसरा मोबाइल नेमका त्याच वेळी वाजला.

प्रश्न बिनतोड होता. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. खालची दबाई केली नसेल तर वरच्या कचेचा थर जाड टाकून उंचसखलपणा झाकता येतो. तो थर इंच-दीड इंचाचा हवा. इथं हात-हात भरणारे लोक आहेत. पहिल्या पावसात ती कच बसते आणि मोटारीच्या चाकांखाली दोन सरळ नाल्या तयार होतात. ढाळाचंही तेच. दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार, तोही घरापासून फाटकाकडं, एवढं साधं गणित. पण भाऊ लेव्हल डोळ्यांनी बघतो, आणि त्याच्या डोळ्यांना सगळीकडं उतारच दिसतो, विशेषतः सत्तर टक्के उचल मागताना.

सरांनी आणखी एकाला बोलावलं. हा तुसडा. चहा नको म्हणाला, फोटो नव्हतेच, काकूंच्या रंगाच्या आवडीकडं ढुंकून पाहिलं नाही. आल्या आल्या पहार मागितली आणि तुळशी वृंदावनाजवळ खड्डा काढायला लागला. काकू ओरडल्या. त्यानं मूठभर काळी माती काढून सरांच्या हातावर ठेवली.

"ही फूटभर काढायला लागंल. मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून मशीननं दाबायचा. ते होणार नसंल तर दुसरा माणूस बघा."

"आणि मृगाच्या आत?"

"नाही जमायचं. हातात दोन कामं हाइत."

संध्याकाळी मुलाकडून वहीच्या कागदावर एकेका बाबीचा दर लिहून पाठवला. आकडा भाऊपेक्षा दीडपट. सरांनी लाल पेनानं शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, बेरीज तपासली, ती बरोबर निघाली, आणि काम त्यालाच दिलं. शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस झाल्यावर, अशी अट घातली. माझ्या मते ठेकेदाराची पारख इथंच होते. भाऊला ही अट सांगितली असती तर त्यानं सासऱ्याचं आजारपण काढलं असतं. हा म्हणाला, "चालंल. पण पाऊस तुमच्याच अंगणात मोजायचा."

दिवाळीच्या आधी काम झालं. पैसे अर्थात पुढच्या जूनपर्यंत अडकले. त्यानं एकदाही तगादा लावला नाही, नमस्कारही घातला नाही.

परवा भाऊची गाडी सरांच्या फाटकाशी थांबली. खाली उतरून त्यानं अंगण नीट निरखलं, मोबाइल काढला आणि काकूंना हाक मारली.

"काकू, पाइपनं जरा पाणी मारा की वरनं. फोटो चांगला येतो."