आधी उतरा

जुलैतला शनिवार. ताम्हिणीच्या अलीकडे एका वाडीची कच्ची वाट ओढ्यातून जाते, तिथे एक नवी कोरी थार पाण्याच्या तोंडाशी थांबली होती. आतल्या तिशीतल्या मुलाने काच खाली केली आणि बांधावर उभ्या शेतकऱ्याला विचारलं, "काका, गाडी जाईल का यातून?"

"जाईल की दादा," काका म्हणाले. "पण परत कशी आणणार? वर पाऊस लागलाय."

माझी गाडी त्याच्या मागेच होती, म्हणून हे कानावर पडलं. प्रश्न योग्यच होता. मला राग आला तो बसल्या जागेवरून विचारण्याचा. मागच्या सीटवर लहान पोर झोपलेलं. ज्या पाण्यात बायकोपोरांना घेऊन शिरायचं, त्याला आधी आपला पाय लागायला हवा. मी डिकीतली काठी काढली आणि त्याच्या दाराशी गेलो.

मराठीत उतार दोन आहेत. एक डोंगराचा, दुसरा नदीचा. पात्र जिथून पायी ओलांडता येतं ती जागा म्हणजे नदीचा उतार. तो शोधायची रीत ठरलेली होती. कुणीतरी धोतर खोचून, काठी टेकत आत शिरायचं, पलीकडे पोचायचं, मग मागून बैलगाडी. चारही चाकांना जोर देणारी गाडी आली म्हणून ही रीत मोडायचं काहीच कारण नाही. फोर बाय फोर शिकायचं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, गाडीतून उतरायला शिकायचं. निम्मं शिक्षण तिथेच होतं.

उरलेलं निम्मं गाडीतलं. त्यात पहिला धडा, आपण नेमकं काय विकत घेतलंय ते पाहणं. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांना जोर देणाऱ्या रूपातही मिळते. बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच. गिअरशेजारचा छोटा दांडा नसेल, तर ती उंच, देखणी, दोन चाकांच्या जोराची गाडी आहे. तिला चिखलात घालू नका. दांडा असेल तर त्यावरचे टप्पे असे: टू हाय (मागच्या दोन चाकांना जोर), फोर हाय (चारही चाकांना), न्यूट्रल, फोर लो (चारही चाकांना, सावकाश पण दांडगा जोर).

कोरड्या डांबरावर टू हायच. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ फिरतात, आणि थार किंवा जिम्नीसारख्या गाडीत फोर हाय टाकला की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. मातीत चाक जरा घसरतं आणि हा फरक जिरतो. डांबरावर तो जिरत नाही, ताण सगळा गिअरांवर चढतो, गाडी वळताना अडखळते आणि दांडा जागच्या जागी अडकून बसतो. आणखी एक गोष्ट, जी ओल्या घाटात जीव घेते: फोर हाय टाकल्याने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक चारही चाकांना मुळातच असतात, जुन्या मारुती आठशेलाही होते. दांड्याने वाढतो तो फक्त निघायचा जोर. त्या जोराच्या भरवशावर वरंधा घाटात वेग वाढवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामागे गाडी ठेवायला मला भीती वाटते.

मी शिकलो ते उस्तादांकडे. साताऱ्याकडचे, फौजेत आयुष्यभर गाड्या चालवलेले. जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा आणि नंतर जिप्सी. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. त्यांच्याकडे मला जावं लागलं ते एका उतारामुळे. पावसाळा संपता संपता मुरमाड टेकडीवरून खाली येताना मी घाबरून ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. मागचा भाग बाजूला सरकला, डावी दोन चाकं कडेच्या चरात गेली आणि बायकोला उजव्या दाराने वर ओढून बाहेर काढावं लागलं. तिच्या हाताची पकड अजून माझ्या मनगटावर जाणवते.

उस्तादांनी पहिल्या दिवशी किल्ली खिशात टाकली आणि आम्हाला तो उतार तीनदा चालायला लावला. वर, खाली, पुन्हा वर. कुठला दगड हलतो, कुठली माती पायाखाली सरते, कुठे पाण्याने चर पाडलाय, ते सगळं मोठ्याने सांगायला लावलं. थारच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर जागा असते, म्हणजे एक वीत. त्यांनी खरंच वीत लावून दगड मोजायला लावले. वितीपेक्षा उंच दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही, त्यावर चाक चढवायचं. हे वाचून समजतं, पण चिखलात गुडघे टेकून मोजलं की विसरत नाही.

मग गाडी. फोर लो, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, आणि पाय दोन्ही पेडलांवरून काढून जमिनीवर. नाक खाली, सरळ. "ब्रेक सोडा साहेब, इंजिन धरतंय तिला," उस्ताद शेजारून म्हणाले. सोडला. छातीत धडधड, आणि गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगाने, टायरखाली खडी करकरत, एकसारखी खाली. घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. नियम तोच, फक्त दांडा एक जास्त.

उतार तिरका कधीच कापायचा नाही. पुढेमागे गाडी बराच चढ सोसते, आडवी फार थोडा. आणि चढताना मध्येच इंजिन बंद पडलं, तर वळवून खाली यायचा मोह जिवावर बेतू शकतो, कारण वळताना ती आडवी होतेच. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा. इंजिन बंद असताना ब्रेकची मदत दोन-तीन दाबांपुरतीच उरते, म्हणून पाय खालीवर करायचा नाही. चालू करायची, फोर लोमध्येच रिव्हर्स टाकायचा, क्लच हळू पूर्ण सोडायचा, मग ब्रेक, आणि जशी चढली तशी सरळ मागे. हे उस्तादांनी मुद्दाम इंजिन बंद पाडून माझ्याकडून इतक्यांदा करवून घेतलं की संध्याकाळी पोटरी आखडली. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर ठेवायला लावले ते वेगळंच. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग उलटा झटका देतं आणि आत अडकलेला अंगठा मोडतो.

आता पाणी. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. म्हणजे दोन फुटांच्या थोडं वर, उभ्या माणसाच्या अर्ध्या मांडीपर्यंत. हा आकडा गप्पांत फार फिरतो, पण तो संथ पाण्याचा आणि कठीण तळाचा आहे. वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा. फूटभर धारेत छोटी गाडी हलते, आणि दोन फुटांची जोराची धार जड एसयूव्हीसुद्धा उचलून नेते. म्हणून कसोटी एकच: जिथे तुम्ही काठी धरून उभे राहू शकत नाही, तिथे गाडीही राहणार नाही. तळ पायाने चाचपा. पलीकडचा चढाव किती निसरडा आहे तो पाहून या, कारण गाड्या मध्यापेक्षा पलीकडच्या काठाशी जास्त अडकतात. शिरताना फोर लो, एकच गिअर, एकच चाल. नाकापुढे पाण्याची लाट तयार होते, तिच्या मागेमागे राहायचं. ती मोडेल असा वेग नको आणि मध्ये थांबणंही नको.

आणि मध्येच बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका. हे मला ठळक अक्षरात छापून हवं होतं. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि इंजिन संपतं. माणसं बाहेर काढा, काच उघडी असेल तर काचेतून काढा. गाडी नंतर.

२०२३ च्या डिसेंबरात लाहौलमध्ये एकाने चंद्रा नदीच्या पात्रातून थार हाकली. चित्रफीत देशभर पाहिली गेली, पोलिसांनी चलान फाडलं. पाहणाऱ्यांच्या डोक्यात उरलं एवढंच, की गाडी निघाली पलीकडे. डिसेंबर होता हो तो! थंडीत डोंगरावरचं पाणी गोठतं आणि ती नदी पात्रात आक्रसते. तीच चंद्रा जुलैत बर्फ वितळून फुगते. आपल्याकडचे ओढे याच्या उलट, उन्हाळ्यात कोरडे आणि जुलैत तासाभरात कमरेएवढे. वर पाऊस लागला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. बांधावरचे काका तेच सांगत होते.

किनाऱ्याबद्दल थोडक्यात. पुळणीवर गाडी नेऊ नका. वाळूत टायरची हवा ३० वरून १८-२० पर्यंत उतरवली की टायर खाली पसरतो, पाऊल रुंद होतं आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते. तंत्र उपयोगी आहे, जैसलमेरकडे जाल तेव्हा वापरा, आणि डांबरावर यायच्या आधी हवा पुन्हा भरा. पण कोकणातल्या ओल्या वाळूत फसलेली गाडी भरती गिळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, हे तिथल्या शाळकरी पोरालाही येतं. त्याला विचारायलाही कुणी उतरत नाही. शिवाय वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यापासून कासवांची घरटी असतात. टायरने पडलेला चर आपल्याला चार बोटांचा, समुद्राकडे निघालेल्या पिल्लाला ती दरी. आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालणं कायद्यानेच गुन्हा आहे.

सगळ्यात धोक्याचा भाग फसण्याचा नाही, फसलेली गाडी ओढून काढण्याचा आहे. ताणली जाणारी दोरी म्हणजे गोफण. तुटली किंवा तिचं टोक सुटलं, तर बांधलेलं लोखंड गोळीसारखं येतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोरी अडकवून झटका दिल्याने ऑस्ट्रेलियात माणसं गेली आहेत. तो गोळा झटक्यासाठी नसतोच. दोरी चॅसीला बसवलेल्या हुकालाच लावायची. तिच्यावर मधोमध ओली गोणी किंवा जाड जाकीट टाकायचं, म्हणजे तुटली तर उसळी मरते. आणि माणसं दोरीच्या दीडपट लांब. आपल्याकडे गाडी फसली की अख्खी वाडी जमते, पोरं पुढे. दोरी बांधण्याआधी पोरांना लांब करणं हे ज्याची गाडी फसली त्याचं काम आहे. इशारे एकाच माणसाने द्यायचे. बाकीच्यांनी, कितीही कळकळ असली तरी, गप्प राहायचं. दोन गाड्या असल्याशिवाय आडवाटेला जायचंच नाही, म्हणजे गावातला ट्रॅक्टर मागायची वेळ येत नाही. लावणीच्या दिवसांत तो ट्रॅक्टर चिखलणीच्या कामावर असतो.

लावणीवरून आठवलं. त्या ओढ्याशेजारी खाचरं होती, रोपं नुकतीच उभी राहिलेली. आदल्या आठवड्यात कुणीतरी गाडी वळवायला बांधावरून नेली होती. बांध फुटला की खाचरातलं पाणी रात्रीत निघून जातं. काकांनी तो दगडमातीने पुन्हा घातला होता आणि म्हणूनच ते तिथे उभे होते, राखण करत. साहसाच्या नावाखाली दुसऱ्याच्या भातावरून जाण्याचा हक्क कुठल्याच गाडीबरोबर मिळत नाही. सड्यांचंही तेच. कासचं पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं आणि राखलं गेलं. पण असे कितीतरी सडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात बिनकुंपणाचे पडलेत. कातळावर बोटभर माती, त्यात पावसाळ्यापुरती उगवणारी फुलं. तिथे उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. शिकायचंच तर जागा आहेत. इगतपुरीजवळ महिंद्राचं प्रशिक्षणाचं मैदान आहे, जाणत्या लोकांचे गट आहेत, परवानगी देणारे शेतकरी आहेत. दोन दिवस आणि थोडे पैसे लागतात. गाडीवर लाखो घातलेल्या माणसाने एवढं घालावं.

त्या मुलाने काठी घेतली. बूट काढायला लागला, मी म्हटलं राहू दे, तळाला धार असते दगडांना. तो आत शिरला. चौथ्या पावलाला गुडघा, सातव्याला अर्धी मांडी, आणि तिथे पाण्याने त्याला कडेला ढकललं. काठीवर भार देऊन तो तसाच उभा राहिला, बराच वेळ, पाण्याकडे बघत. गाडीतून बायकोने हाक मारली तेव्हा वळला.

बाहेर आल्यावर तो फारसं बोलला नाही. काकांना विचारून, बांध वाचवत त्याने गाडी मागे घेतली. बायको उतरून पुढे उभी राहिली आणि हाताने इशारे देत होती. आमची काठी त्याच्याच गाडीत राहिली. मी मागितली नाही.