डोंगर हलला नाही, चूक तुमची

चंगाई सभेत आता मोहरी वाटतात. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं गुळगुळीत कार्ड, त्यावर सोनेरी अक्षरांत मार्क 11:24, कोपऱ्यात उगवता सूर्य आणि मधोमध सेलोटेपखाली मोहरीचा एक दाणा. माणशी एकच. नवरा-बायको मिळून एक न्यायला निघाले तर स्वयंसेवक हसून सांगतो, "विश्वास ज्याचा त्याचा, आंटी." कार्ड पाकिटात ठेवावं, उशाखाली ठेवावं, दुखऱ्या गुडघ्यावर बांधलं तरी चालतं. पथ्य एकच. शंका घ्यायची नाही, तीळभरही नाही. (तीळ मोठा की मोहरी, हे मी त्याला विचारलं नाही. तीसुद्धा शंकेत जमा झाली असती.)

सभा कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. कीबोर्डवाला एकच सूर धरून बसलेला, पांढऱ्या सुटातले बंधू घामाघूम, माइकचा आवाज कानठळ्या बसवणारा. मग साक्षी. ज्यांना बरं वाटलं त्यांनी मंचावर यावं. पाठदुखी गेली, हालेलुया. कॅनडाचा व्हिसा आला, हालेलुया. ज्यांना बरं वाटलं नाही त्यांच्यासाठी दुसरा माइक लावावा असं अजून कुठल्याही मांडववाल्याला सुचलेलं नाही. ती माणसं खुर्च्या आवरायच्या आत रिक्षा शोधायला बाहेर पडलेली असतात. महिन्याभरानं कुठं भेटली की त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून सांगितलं जातं, "कुठंतरी शंका राहिली असेल."

इतकी सुरेख पॉलिसी कुठल्याही विमा कंपनीला जमलेली नाही. हप्ता रोख. क्लेम मंजूर झाला तर श्रेय बंधूंच्या अभिषेकाचं, नामंजूर झाला तर कारण ठरलेलं, "आधीपासून असलेली शंका". विमावाले निदान जुने रिपोर्ट तरी मागतात. इथे रिपोर्ट नाही, तपासणी नाही, अपील नाही. शंका होती की नव्हती हे तुम्ही बरे झालात की नाही यावरून ठरतं. झालात तर नव्हती, नाही झालात तर होती. एवढी सोय असताना बंधूंनी चुकावं तरी कसं?

पण मला छळतो आहे तो दाणा. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर तुमचं ऐकेल, असं येशूनं सांगितल्याचं मत्तयाच्या सतराव्या अध्यायात आहे. बरं, हिशेब करू. आपल्या डब्यातला मोहरीचा दाणा फार तर दोन मिलिमीटरचा. ग्रॅमला तीन-चारशे दाणे सहज बसतात. म्हणजे अर्धा चमचा मोहरी तेलात टाकणाऱ्या कुठल्याही बाईच्या कढईत रोज सकाळी पाच-सातशे डोंगर हलवण्याचा ऐवज तडतडत असतो, आणि आपण त्यावर हिंग घालून वरण ओततो. माप सांगितलं ते मुद्दाम लहानात लहान सांगितलं. तरीसुद्धा मंडळीतलं प्रत्येक माणूस नेमकं त्या मापाला कमी भरतं, आणि प्रत्येक सभेत बंधू ओरडत असतात, विश्वास वाढवा, आणखी वाढवा! किती वाढवायचा? शेंगदाण्याएवढा? नारळाएवढा? आणि डोंगराचं म्हणाल तर कोकणात रेल्वे नेताना रत्नागिरीजवळ करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा पोखरावा लागला. त्या कामावर एखादा निःशंक ख्रिस्ती फोरमन असणारच, वसईचा म्हणा, गोव्याचा म्हणा, मंगळूरकडचा म्हणा. त्यानं रविवारी उपासना आटोपून, कुणी बघत नाही असं पाहून, एकदा तरी डोंगराला "जरा सरकतोस का बाबा" म्हणून पाहिलंच असेल. डोंगर सरकला नाही हे ठीकच झालं म्हणा. मार्कच्या शुभवर्तमानात तर डोंगरानं नुसतं सरकायचं नाही, थेट समुद्रात जाऊन पडायचं आहे. मग मिऱ्याबंदरावर पहिली निदर्शनं झाली असती, मच्छीमार सोसायटीनं नुकसानभरपाई मागितली असती, सीआरझेडची परवानगी घेतली होती का म्हणून कुणीतरी जनहित याचिका टाकली असती, आणि दाणेवाला फोरमन अजून तारखांना जात असता. सुरुंग परवडले.

आता गंमत अशी की हा दाणा ज्या प्रसंगातला आहे तो कार्डाच्या मागे छापत नाहीत. मागे बँकेचा क्यूआर कोड असतो. प्रसंग असा. एका माणसाच्या मुलाला झटके येत. तो कधी विस्तवात पडे, कधी पाण्यात. बापानं त्याला शिष्यांकडे आणलं, शिष्यांना काही जमलं नाही. येशूनं मुलाला बरं केलं. मग शिष्य बाजूला घेऊन विचारतात, आम्हाला का जमलं नाही? उत्तर मिळालं ते असं, की तुमचाच विश्वास तोकडा पडला. त्यापाठोपाठ आली मोहरी. म्हणजे दाण्याची चपराक बसली कुणाला? रुग्णाला नाही, त्याच्या बापालाही नाही. बसली ती चंगाई करायला निघालेल्या, आणि फसलेल्या, बंधूंना! मोहरीचं हे कार्ड मुळात मंचावर वाटायचं होतं. ते मांडवात, मागच्या रांगेतल्या व्हीलचेअरपर्यंत कसं पोचलं, याची चौकशी व्हायला हवी.

आणि तो बाप? मार्कनं हीच गोष्ट सांगताना त्याचं बोलणंही दिलं आहे. तो सरळ कबूल करतो, की विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, त्या अविश्वासाचंही तुम्हीच काहीतरी बघा. आजच्या सभेत असं बोलला असता तर स्वयंसेवकांनी त्याला समुपदेशनाच्या तंबूत नेऊन बसवलं असतं. येशूसमोर मात्र त्याचं पोर उभं राहिलं.

शंकेखोरांची यादी काढायला बसलं तर पवित्र शास्त्राचं निम्मं मंडळ त्यात जाईल. म्हातारपणी मूल होणार ऐकून सारा तंबूच्या दाराआड हसली. तिला मुलगा झाला. गिदोनानं लोकरीवर दव पाड म्हणून परीक्षा घेतली, दव पडलं, तरी समाधान नाही, दुसऱ्या रात्री उलट करून दाखव म्हणाला. तेही झालं. जखऱ्यानं प्रत्यक्ष देवदूताकडे पुरावा मागितला. शिक्षा म्हणून त्याची वाचा गेली, पण पाळणा हलायचा तो हललाच. आणि ज्यांच्या विश्वासाला नावं ठेवायची आपली छाती नाही, त्यांचं काय झालं? पौलानं अंगातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, त्याला मिलेताला तसाच सोडून पुढं जावं लागलं. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घे म्हणून पत्रातून कळवतो. कार्ड पाठवत नाही. आणि गेथशेमाने बागेत त्या रात्री जे मागितलं गेलं आणि जे मिळालं नाही, त्यावर बोलायचं झालं तर, बंधू, आधी पायातले बूट काढा.

याकोबाचं पत्र बंधूंच्या बाजूनं आहे असं वाटेल. शंका घेणारा समुद्राच्या लाटेसारखा, त्याला काही मिळणार नाही, असं त्यात खरंच आहे. फक्त एक वचन आधी वाचा. तिथं मागायचं आहे ते शहाणपण. गुडघे नाही, व्हिसा नाही, शहाणपण. त्यासाठी सभेत रांग लागलेली मी तरी पाहिलेली नाही.

मागचं-पुढचं वचन न वाचण्याचा हा रोग जुना आहे, आणि त्यावर एकदा मन मोकळं केल्याशिवाय मला झोप येणार नाही. कुणाचंही शास्त्र उघडून बघा. मार्क अकराचं चोविसावं वचन पोपटी हायलायटरनं इतकं रंगवलेलं असतं की मागच्या पानावर डाग उमटतो. पंचविसावं कोरं! त्यात काय आहे? प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध मनात काही असेल तर आधी क्षमा करा. आता आपल्याकडच्या मिशन कंपाउंडात चला. एक गट म्हणतो शाळेची जागा आमच्या कमिटीची, दुसरा म्हणतो आमच्या. दोन्ही गटांचे लेटरहेड वेगळे, शिक्के वेगळे, नाताळचे केक वेगळे. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दोन, कोर्टात दावे उलटसुलट. तारखेच्या आदल्या रात्री एक गट मोठ्या देवळात रात्रभर जागरण-प्रार्थना करतो, दुसरा सिनियर इन्स्पेक्टरच्या बंदोबस्तात व्हरांड्यात. दोघांच्या खिशात तेच कार्ड, दोघांच्या मनात शंकेचा लवलेश नाही, दोघेही चोविसावं वचन कोर्टाच्या ऑर्डरसारखं वाचतात. आता मला सांगा, निःशंक विश्वासाला हमखास उत्तर मिळतं हा नियम असेल तर देवानं करायचं काय? सात-बारावर दोन्ही नावं चढवायची? शाळा उभी कापून द्यायची? बरं, क्षमेची अट एका गटानं जरी पाळली असती तरी दावा निकालात निघाला असता, वकिलाची फी वाचली असती, आणि स्मशानभूमीची पडलेली भिंत बांधून झाली असती. त्या भिंतीतून डुकरं आत येतात, ही गोष्ट मी दोन्ही कमिट्यांना लेखी कळवली आहे. दोन्हींनी उत्तर दिलं, त्यासाठी आम्ही प्रार्थना करत आहोत.

विज्ञानाची साक्ष हवी असेल तर तीही आहे, पण ती मंचावर कुणी बोलावणार नाही. अमेरिकेत बायपासच्या 1802 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, निष्कर्ष 2006 साली छापून आले. काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे या दोघांनाही कळू दिलं नाही. गुंतागुंत झाली अनुक्रमे 52 आणि 51 टक्के रुग्णांत, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र खात्रीनं सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार. शंकेला जागाच ठेवली नाही. त्यांच्यात 59 टक्के. यावरून मी काही सिद्ध करत नाही. ही चाचणी देवाची होती असं मला वाटत नाही, आणि देव रुग्णालयाच्या फॉर्मवर सही करून भाग घेतो असंही नाही.

इथपर्यंत हसता येतं. पुढं नाही. ज्या बाईचा सतरा वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानं गेला, तिच्या घरी तिसऱ्या दिवशी येऊन, चहाचा कप हातात धरून, "ताई, तुमच्या मनात शंका आली असणार" असं म्हणणारा माणूस मी पाहिला आहे. ती बाई मुलाच्या उशाशी कित्येक रात्री जागली होती. केमोच्या उलट्यांची भांडी तिनं धुतली होती. आता ती रात्री जागून आपल्या मनात शंका नेमकी कधी आली ते शोधते. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा? की त्यानं "आई, मी मरणार का?" विचारलं आणि उत्तर द्यायला तिला दोन क्षण लागले तेव्हा? मेलेल्या पोराच्या आईवर पोर मारल्याचा आळ घालायचा आणि त्याला सुवार्ता म्हणायचं! ईयोबाच्या मित्रांनीही हेच केलं होतं, भोगतो आहेस म्हणजे पापी असशील, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग पेटला तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. पण निदान ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. आमच्या बंधूंना चहा निवेपर्यंतही गप्प बसवलं नाही. दुसऱ्या एका रुग्णानं इन्सुलिन बंद केलं, कारण सुई टोचणं हीच शंका आहे असं त्याला पटवलं गेलं. त्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ताईत, कवच, मंत्र यांनी मधुमेह-कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 सालच्या कायद्यानं या देशात मनाई आहे. सेलोटेपखालची मोहरी ताईत ठरते का, हे एखाद्या वकिलानं तपासून बघावं. कंपाउंडात त्यांची वाण नाही.

आणि कुणाच्या मनात शंका राहिली ते सांगताना बंधू चष्मा पुसत असतात. सोनेरी काडीचा, बायफोकल. डोळ्यांच्या रुग्णांवर हात ठेवताना तो खिशात घालतात आणि दक्षिणेच्या पाकिटावरचे आकडे वाचताना पुन्हा लावतात. मध्यंतरी त्यांना दोन स्टेंट बसवले, तेव्हा मात्र प्रभू डॉक्टरांच्या हातून काम करतो हे त्यांना एकाएकी उमगलं. त्यांच्या विश्वासात कुठं शंका राहिली होती, हे विचारायला त्यांच्या उशाशी कुणी गेलं नाही. फळं घेऊन गेले.

निःशंक प्रार्थनेचा मासला हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा वाचावा. हेरोदानं याकोबाला तलवारीनं मारलं आणि पेत्राला तुरुंगात टाकलं. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, दोन साखळ्या. मंडळी एका घरात रात्रभर कळकळीनं प्रार्थना करत होती. पेत्र सुटला, त्याच घराच्या फाटकाशी येऊन दार ठोठावू लागला. रुदा नावाची दासी आवाज ओळखून आनंदानं आत पळाली, दार उघडायचं विसरूनच गेली. पेत्र दाराशी आलाय, म्हणाली. प्रार्थना करणारे म्हणाले, तुला वेड लागलंय. ती हट्टाला पेटली तेव्हा म्हणाले, त्याचा दूत असेल. ज्याच्यासाठी रात्र जागवली तो बाहेर उभा आहे, यावर त्या अख्ख्या घराचा विश्वास बसेना. आणि याकोबासाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल असं कोण म्हणेल? बंधूंचा नियम लावला असता तर ही मंडळी सपशेल नापास झाली असती आणि पेत्राला उजाडायच्या आत पुन्हा कोठडीत नेऊन साखळ्या चढवाव्या लागल्या असत्या. एवढ्यानं निदान पहाऱ्यावरच्या शिपायांचा तरी जीव वाचला असता. हेरोदानं सकाळी कैदी नाही पाहून त्यांना मारून टाकलं.